आजी, जिना आणि खुर्ची

राळेगावात घर बांधताना जिन्याला कुणी विचारत नाही. खाली दुकान, मागे भाव चढेपर्यंत कापूस ठेवायची खोली, वर माणसं. एवढा हिशेब पक्का झाला की उरलेल्या कोपऱ्यात मिस्त्री जिना बसवून देतो. तो मधेच वळतो, वळणावर पायऱ्या एका बाजूला निमुळत्या होतात आणि शेवटची पायरी बाकीच्यांपेक्षा दोन बोटं उंच निघते. पुढं आजीचे गुडघे कुरकुरू लागले की अख्खं घर जिन्याकडे पहिल्यांदा नीट बघतं.

मग पुण्याचा नातू मोबाईलवर सरकत्या खुर्चीचा व्हिडिओ पाठवतो. त्यातली गोरी आजी हसत हसत वर जाते. आपली आजी म्हणते, "मले काऊन नवरदेवावानी मिरवता रे?"

खुर्ची काही नवी नाही. 1920च्या दशकात अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियात क्रिस्पेन नावाच्या गृहस्थानं आजारी मित्रासाठी असली सोय केली होती. आपल्याकडे अजिंठ्याला डोलीवाले आहेत, सप्तशृंगी गडावर रुळावरची ट्रॉली आहे. म्हणजे देवाकडे नि लेण्यांकडे बसून जायला आपली ना नाही; लाज वाटते ती स्वतःच्याच माडीवर बसून जायची. आणि शेजारच्या कळंबला चिंतामणीच्या दर्शनासाठी पायऱ्या उतरून खाली जावं लागतं, तिथून मात्र हीच आजी चढून वर येते. तिथं गुडघे कसे गप्प बसतात, ते चिंतामणीलाच ठाऊक.

आजी कशीबशी तयार झाली की घरात चर्चा रंगते ती गादीच्या रंगाची. खरी गोम असते रुळात. जिना सरळ असेल तर रूळ मापानं कापून बसतो. वळणाचा असेल तर वळण न् वळण मोजून तो खास घडवावा लागतो आणि किंमत कितीतरी चढते. मिस्त्रीनं वाचवलेला कोपरा इथं पुरता वसूल होतो. बरं एवढंच, की रूळ भिंतीवर नाही, पायऱ्यांवर ठोकतात, त्यामुळे पोचट भिंतीची चिंता नको. घडी केली तरी खुर्ची दीड-दोन वीत जागा अडवतेच. उरलेल्या जागेतून कापसाचं गाठोडं घेतलेला माणूस जाईल का, ते आधी बघावं. जिना घराबाहेरून असेल, तर उन्हापावसाला टिकणारी वेगळीच खुर्ची लागते; आपल्याकडचा मे महिना विक्रेत्याला समजावून सांगावा.

खुर्ची बॅटरीवर चालणारीच घ्यावी, नाहीतर वीज जाईल तेव्हा आजी नेमकी अध्येमध्ये. वर पोचल्यावर बैठक फिरून जिन्याकडे पाठ होते ना, हेही पाहावं. उतरताना तोल जातो तो तिथंच. पायपाटीला काही अडलं की चांगली खुर्ची आपोआप थांबते. पायरीवर कुकर ठेवायची सवय असलेल्या घरात ही सोय फार मोलाची. लुगड्याचा सोगा मात्र आवरूनच बसावं. आणि ज्यांचे गुडघे वाकतच नाहीत त्यांच्यासाठी उंच, अर्धवट टेकून बसायच्या बैठका मिळतात. हे कळायला आजीला एकदा बसवून बघावं लागतं, नातवाला बसवून भागत नाही.

बिघडली तर माणूस नागपूरहून किती दिवसांत येईल, हे भाव करण्याआधी विचारा. आणि घर अजून कागदावरच असेल, तर जिना सरळ नि मीटरभर रुंद ठेवा, खाली एक खोली काढा, तिला लागून संडास-न्हाणी द्या. कापूस वर ठेवा.