टांग्यामागे घोडा

स्टुटगार्टला माझा भाचा ज्यांच्या घरात भाड्याने राहतो ते घरमालक निवृत्त दंतवैद्य आहेत. पांढऱ्या काचेची बाटली वेगळ्या पिंपात, हिरव्या काचेची वेगळ्या, हे ते स्वतः उभं राहून बघतात. जिना झाडायची पाळी ज्याची, त्याच्या दाराला पाटी लटकते. अशा माणसाच्या गॅरेजमध्ये पोर्शे ९११ जीटी३ आहे हे कळलं तेव्हा माझा जर्मनीवरचा विश्वास जरा डळमळला. नवी आली तेव्हा तिची किंमत एक लाख सत्तर हजार युरोंच्या घरात होती. परदेशी आकडा दिसला की मी मनातल्या मनात रुपये करतो. या खेपेला मध्येच सोडून दिलं.

"मामा, त्यांना कळलंय तुम्ही भोसरीत गिअर कापायचात," भाचा म्हणाला. "शनिवारी न्युरबुर्गरिंगच्या ट्रॅकवर नेतो म्हणतायत."

"मागे बसून डुलकी काढता येईल ना?"

"मागे सीट नाहीये."

मागे सीटच्या जागी लोखंडी नळ्यांचा पिंजरा होता आणि मध्ये अग्निशामक. पुढच्या दोन सीटा कार्बन फायबरच्या, पाठ मागे सरकायचं नाव नाही. आत शिरायचं तर डावा पाय उचलून बाजूच्या उंच कडेवरून आत सोडायचा, मग बूड टेकायचं, मग उजवा पाय दोन्ही हातांनी धरून आत ओढून घ्यायचा. हा सगळा कार्यक्रम शेजारची एक आजी कुंड्यांना पाणी घालता घालता निवांत बघत होती. मामी आणि पराठ्यांचा डबा भाच्याच्या स्कोडातून मागून येणार होते, कारण घरमालकांच्या गाडीत खायला बंदी.

रस्त्यावर या गाडीइतकं दुःखी वाहन मी पाहिलेलं नाही. गॅरेजच्या उतारावर नाक घासू नये म्हणून एक बटण दाबून पुढचा भाग वर उचलावा लागतो. गल्लीत वेगमर्यादा ३०. पहिला गिअर जेमतेम जागा होतो तोवर मर्यादा संपते. गावाबाहेरच्या साध्या रस्त्यावर १०० चालतं, पण दुसरा गिअर शेवटपर्यंत ताणला तर तेवढ्यातच शंभरी ओलांडली जाते. थोडक्यात, सात गिअरांपैकी दोन कायद्यात बसतात आणि उरलेल्या पाचांसाठी आपण पैसे मोजलेले असतात. वजन वाचवायला आवाज अडवणारं अस्तर कमी केलेलं, त्यामुळे टायरने उडवलेला प्रत्येक खडा पत्र्यावर कुठे लागला ते बसल्या जागी सांगता येतं. टायर इतके रुंद की ट्रकांनी पाडलेल्या चाकोऱ्या दिसल्या की स्टिअरिंग आपणहून तिकडे ओढ घेतं. सस्पेन्शन एवढं ताठ की रस्त्यावरचा पांढरा पट्टा रंगवलेला आहे की चिकटवलेला, हे माझ्या माकडहाडाला कळत होतं.

ऑटोबानवर तरी मोकळं सुटता येईल, असं वाटलं होतं. मर्यादा नसलेला तुकडा आला, घरमालकांनी आरसा पाहिला, मान हलवली, आणि दोनच मिनिटांत दुरुस्तीचं काम, एक लेन बंद, ८०. ए ६१ वर बराच वेळ आम्ही कांदे की बटाटे भरलेल्या एका पोलिश ट्रकच्या मागे होतो. स्कोडा आमच्या बरोबरीने पोहोचली. मामी झोप काढून ताजीतवानी उतरली.

न्युरबुर्गरिंगचा जुना भाग, म्हणजे नॉर्डश्लाइफे, आयफेलच्या जंगलात १९२७ साली खुला झाला. बेकारांच्या हातांना काम म्हणून डोंगरातून हा रस्ता काढला. लांबी २०.८ किलोमीटर, अधिकृत वळणं ७३, सगळ्यात खालच्या आणि वरच्या टोकात सुमारे ३०० मीटरचा फरक. एका बाजूला ऊन आणि दुसऱ्या बाजूला पाऊस ही इथली नेहमीची गोष्ट. शर्यतपटू जॅकी स्टुअर्टने याला 'हिरवा नरक' म्हटलं, आणि १९७६ साली शर्यतीत निकी लाउडाची गाडी इथे पेटल्यावर फॉर्म्युला वन इकडे परत फिरकली नाही.

जिथे फॉर्म्युला वनची छाती होत नाही तिथे गाडी चालवायचा परवाना असलेला कोणीही तिकीट काढून आत जाऊ शकतो. हा अजब प्रकार फक्त जर्मनच करू जाणे. कायद्याने तो त्या वेळी एकेरी टोलरस्ता असतो. रस्त्याचे नियम लागू, ओव्हरटेक डावीकडूनच, आणि वेळ मोजायला बंदी. रेलिंगला धडकलात तर रेलिंगचं बिल तुमच्या नावावर. तरी फाटकापाशी लग्नाच्या वरातीएवढी गर्दी.

कार्ड लावलं, दांडा वर गेला, आणि सकाळपासून कुरकुरणारी ती गाडी गप्प झाली. गप्प म्हणजे आवाजाने नव्हे. टर्बो नसलेलं ४ लिटरचं इंजिन ९००० फेऱ्यांना पोहोचतं तेव्हा कानात काय होतं ते मी लिहू शकत नाही, कारण तेव्हा मी शुभंकरोति म्हणत होतो. पण खडखड थांबली, ओढाताण थांबली. जे सस्पेन्शन गल्लीत ताठ होतं ते इथे बरोब्बर मापाचं निघालं.

नवशिक्यांनी एक गोष्ट समजून घ्यावी. या गाडीचं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे आहे. टांग्यामागे घोडा बांधावा तशी ही रचना. वळणातून बाहेर पडताना हे वजन मागची चाकं रस्त्यावर दाबून धरतं, म्हणून पकड जबरदस्त. पण जुन्या ९११ मध्ये भर वळणात घाबरून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, की भार पुढे जायचा, मागची पकड सुटायची आणि शेपूट पुढे यायची. वर्षानुवर्षं इंजिनीअर या एकाच खोडीशी झगडताहेत. जीटी३ ला २०२१ पासून पुढे डबल विशबोन सस्पेन्शन आहे, त्यामुळे वळणात पुढचा टायर रस्त्यावर सपाट बसतो. मागची चाकंही थोडी वळतात. हळू असताना पुढच्यांच्या उलट, वेगात त्यांच्याच दिशेला. आणि पाठीवरचा तो भलामोठा पंख हवेने गाडी खाली दाबतो. खोड मोडलेली नाही, पण वठणीवर आणली आहे.

हे सगळं मी नंतर शांतपणे जुळवलं. त्या क्षणी फुक्सर्योरे नावाच्या उतारावरून आम्ही खाली कोसळत होतो, आणि तळाशी चढ सुरू होतो तिथे माझी हनुवटी छातीला, छाती पोटाला आणि पोट सीटला जाऊन मिळालं. घरमालक काय करत होते? दोन बोटांनी स्टिअरिंग धरून उजवा इंडिकेटर देत होते, कारण मागून लहान मुलाची सीट लावलेली एक जुनी फॅमिली व्हॅन आली होती. चालवणारा इथलाच असावा. डावीकडून आम्हाला मागे टाकून तो हात हलवून गेला. एक लाख सत्तर हजार युरो!

पुढे कारुसेल. डोंगरात सिमेंटच्या तिरक्या लाद्यांचा खोलगट पन्हाळा होता, त्यात चाकं उतरवायची. लाद्यांच्या सांध्यांवर माझी दाढ ठणकली. घरमालकांनी नेमकं तेव्हाच माझ्याकडे पाहिलं. धंद्याची नजर जात नाही.

शेवटी ड्योटिंगर ह्योहेचा दोन किलोमीटरहून लांब सरळ पट्टा. काट्याकडे मी एकदाच पाहिलं आणि तो आकडा मामीला सांगितलेला नाही. गाडी मात्र त्या वेगाला रेषेवरून जराही हलली नाही, एवढं कबूल केलं पाहिजे.

बाहेर येताच घरमालकांनी फडकं काढून पुढच्या काचेवरचे किडे पुसले आणि घड्याळ पाहून म्हणाले, निघू या, रात्री दहाच्या आत पोहोचलं पाहिजे, शेजाऱ्यांना आवाजाचा त्रास होतो. मामीने पराठा पुढे केला. मी नुसतं ताक घेतलं आणि परतताना स्कोडात मागे बसलो.

माझं मत विचाराल तर रोजच्या वापराला ही गाडी निव्वळ शिक्षा आहे आणि ट्रॅकवर तिच्यात बोट ठेवायला जागा नाही. तुम्हाला जायचं असेल तर आधी कॅलेंडर बघा, कारण बरेच दिवस तो ट्रॅक मोटार कंपन्या चाचण्यांसाठी अडवून ठेवतात. विमानतळावरून भाड्याने घेतलेली गाडी आत घालू नका. करारात बहुधा मनाई असते, आणि मग विमा कंपनी हात वर करते. नाश्ता हलका ठेवा. आणि तिकीट गाडीमागे असतं, माणसामागे नाही. त्यामुळे कोणाच्या शेजारची सीट रिकामी दिसली तर न लाजता विचारा, फुकट आहे.