टर्बोचं चहापाणी

नाशकात गाडीचं बॉनेट उघडणं ही खाजगी बाब नाही. पुण्यात उघडलंत तर गाडी भलत्याच जागी लावल्याबद्दल कोणीतरी ऐकवून जाईल. मुंबईत कोणाला तेवढाही वेळ नाही. इथे मात्र बॉनेटचा खटका वाजला की पार्किंगमध्ये माणसं जमतात, आणि तीही नुसते बघे नव्हेत, जाणकार. ओझरला विमानं बनतात, नाशिकरोडला नोटा छापतात, सातपूर-अंबडला मोटारी आणि त्यांचे सुटे भाग तयार होतात. त्यामुळे अर्ध्या गावाने जन्मभर हातात पाना धरलेला असतो आणि उरलेल्या अर्ध्याने पाना धरणाऱ्यांवर देखरेख केलेली असते. त्यातले बरेचसे रिटायर होऊन आमच्याच सोसायटीत राहायला आलेत.

आमच्या पेट्रोल गाडीचं कुलंट गुपचूप कमी होत होतं. फरशीवर थेंब नाही, पण घाट चढून आलं की गोडसर वास. मेस्तरींनी टॉर्च मारून टर्बोच्या बगलेतला वाळलेला गुलाबी डाग दाखवला. "पाणी इथून निघतंय शेठ. टर्बो एवढा तापतो, की खाली पडायच्या आत वाफ होते. लायनी काढून परत जोडाव्या लागतील. रविवारी सकाळी घरीच येतो." रविवारी सकाळी! म्हणजे सभेला पूर्ण कोरम.

टर्बोची करामत थोडक्यात अशी. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरतं. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचं चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. फुकट जाणाऱ्या धुराला कामाला लावायची ही कल्पना आल्फ्रेड ब्यूची या स्विस इंजिनिअरची, पेटंट 1905 चं. तो दांडा मिनिटाला लाख-दीड लाख फेरे मारतो, तोही तेलाच्या पातळ थरावर तरंगत. 2002 साली स्कॉर्पिओ टर्बो डिझेल इंजिन घेऊन नाशकातूनच बाहेर पडली, त्यामुळे इथल्या गॅरेजवाल्यांना टर्बो घरचाच. पण त्या काळच्या बहुतेक डिझेल टर्बोंना थंड ठेवायला नुसतं तेल पुरायचं. म्हणून आमचे मेस्तरी टर्बोला पाणी देण्याच्या प्रकाराला 'पेट्रोलवाल्यांचे लाड' म्हणतात.

लाड नाहीत ते. डिझेलचा धूर 700-800 अंशांचा, पेट्रोलचा 900 च्या पुढे जातो. गाडी चालू असेतोवर तेल वाहतं, उष्णता घेऊन जातं. खरी पंचाईत चावी फिरवल्यावर. तेलाचा पंप थांबला, पण शेजारचं लालबुंद कास्टिंग थोडंच थांबतंय? त्याची धग बेअरिंगमध्ये उतरते, तिथे अडकलेलं तेल जळून त्याचा कोळसा होतो. म्हणून बेअरिंगभोवती पाण्याची पोकळी. रिटायर माणसाचंही असंच असतं: खातं बंद झालं तरी आतली धग पुढे कितीतरी वेळ शेजाऱ्यांना लागत राहते.

रविवारी इंजिन पूर्ण गार झाल्यावर मेस्तरींनी कुलंट टबमध्ये सोडलं. तेवढ्यात जिन्यावरून आईचा आवाज आला, "अरे, मांजरं तोंड घालतील!" शंभर टक्के खरं. कुलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि मूत्रपिंडाला घातक. मांजराला, कुत्र्याला, माणसालाही. वॉचमनला टबापाशी बसवलं. सोसायटीच्या इतिहासात तो ड्यूटीवर जागा राहिल्याची ती पहिलीच नोंद.

मग तज्ज्ञ आले. ओझरवाले काका मिगच्या कारखान्यातले. विमानाचं इंजिन ओरिसात कोरापूटला व्हायचं, ओझरला बाकीचं विमान. पण इंजिनावर बोलायला त्यांना याची अडचण कधी आली नाही. मायकोवाले काका नोझल खात्यातले. त्यांच्या कंपनीच्या पाटीवर 2008 मध्ये बॉश आलं, पण चौकाचं मायको सर्कल आणि काकांचं मायकोवाले काही बदललं नाही. तिसरे प्रेसवाले काका. नोटांच्या कारखान्यात कागदाचा ताव न् ताव मोजून हिशेब लागल्याशिवाय सुट्टी होत नाही. ती सवय अंगात मुरलेली. आल्या आल्या त्यांनी वही मागितली आणि मेस्तरी काढतील तो नट-बोल्ट लिहून घ्यायला सुरुवात केली.

पाण्याची लाइन टर्बोला बँजो बोल्टने बसते. पोकळ बोल्ट, त्याला आडवं भोक, त्यावर कडीसारखं पाइपाचं तोंड आणि कडीच्या दोन्ही बाजूंना तांब्याचा एकेक वायसर. दोन लायनी, दोन बोल्ट, चार वायसर. तांबं मऊ, आवळलं की दबतं आणि फट बुजवतं. एकदा दबलं की कडक होतं, दुसऱ्यांदा दबत नाही. आमची गळती तिथेच होती. आधी कोणीतरी जुनेच वायसर परत ठोकून दिले होते.

"नवे टाका," मी म्हणालो.

"कशाला? लाल करून विझवले की परत मऊ पडतात," मायकोवाले काका म्हणाले. शास्त्र बरोबर होतं. त्यामुळे आमच्या स्वयंपाकघरात गॅसवर सांडशीत धरलेला वायसर, भोवती तीन ज्येष्ठ नागरिक आणि मागे चहा खोळंबलेला, असा देखावा उभा राहिला. वायसर लाल झाला, पाण्यात चुर्र वाजला आणि काळा पडून बाहेर आला. आईने निरखून पाहिलं. "तांब्याचं आहे ना? चिंच लावा." लावली. लखलखीत झाला. दरम्यान मेस्तरींनी पोऱ्याला द्वारका चौकात पिटाळून नवे वायसर आणवलेसुद्धा, आणि तेच बसवले. चिंचेवाला वायसर देवघरात आहे. का, ते विचारू नका.

पुढचा वाद पाइपाच्या चढाचा. इंजिन बंद झाल्यावर बहुतेक गाड्यांत पाण्याचाही पंप थांबतो. मग पाणी फिरतं कसं? तापलेलं हलकं होऊन वर जातं, गार खालून येतं, शाळेतलंच विज्ञान. म्हणून परतीचा पाइप टर्बोपासून वर वर चढतच गेला पाहिजे. मधे कुठे उंचवटा राहिला की तिथे हवा कोंडते आणि फेरा बंद.

"पाइप मधेच वर उचललाय!" ओझरवाले कडाडले. मायकोवाल्यांनी दुजोरा दिला. प्रेसवाल्यांनी वहीत नोंद केली.

मेस्तरी मान वर न करता म्हणाले, "क्लिप लावायचीय अजून, काका."

क्लिप लागली, पाइप सरळ चढाला बसला. कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मंनिम्मं ओतलं. एकाने गोदावरीचं पाणी सुचवलं होतं. तीर्थ म्हणून ते कितीही थोर असो, त्यातले क्षार इंजिनात जाऊन बसतात. मग हवा काढायची. त्यासाठी हीटर फुल ठेवून इंजिन चालू. मे महिना, नाशिक, दुपारचे बारा आणि मी हीटर लावून गाडीत. बाहेर तिघे काका टाकीत डोकावून बुडबुडे मोजताहेत. "अजून एक!" बुडबुडे थांबले, टाकीतली पातळी स्थिरावली, बोल्टाभोवती फिरवलेला कोरडा कागद कोरडाच राहिला. प्रेसवाल्यांनी हिशेब जुळल्याचं जाहीर केलं, आणि मगच मेस्तरींना चहा मिळाला.

तेव्हा टर्बोची गाडी असेल तर एवढं करा. कसारा घाट ताणून चढलात, तर इगतपुरीत थांबल्या थांबल्या चावी फिरवू नका. मिनिटभर इंजिन तसंच चालू द्या. गरम रेडिएटरचं झाकण कोणी कितीही आग्रह केला तरी उघडू नका. आणि वायसर नवेच घ्या. चहाच्या पैशांत येतात.