एका गळ्यात दोन संघ

अर्धा लाल, अर्धा निळा. एका टोकाला यजमान संघाचं बोधचिन्ह, दुसऱ्या टोकाला पाहुण्या संघाचं, आणि मध्ये सामन्याची तारीख. प्रीमियर लीगच्या मैदानांबाहेर सामन्याच्या दिवशी असे मफलर ढिगाने विकायला असतात. घेणारी माणसं बहुतेक लांबून आलेली, बऱ्याचदा आयुष्यात पहिल्यांदाच. आणि लहानपणी बापाचा हात धरून ज्या फाटकातून आत गेला, त्याच फाटकातून आज स्वतःच्या मुलीला आत नेणारा स्थानिक पाठीराखा तो मफलर दिसला की मान फिरवतो. त्याचं बरोबर आहे.

लग्नात वरपक्ष आणि वधूपक्ष दोघांकडचा पाहुणचार घेता येतो. एकाच शहरातल्या दोन संघांच्या डर्बीत येत नाही. लिव्हरपूल आणि एव्हर्टन समोरासमोर येतात तेव्हा हरणाऱ्या बाजूच्या माणसांना पुढचा आठवडा कामावर, शाळेत, दुकानात मान खाली घालून काढावा लागतो. त्या शहरात एकाच घरात लाल आणि निळे दोन्ही नांदतात, त्यामुळे घरीही सुटका नसते. हरण्याची एवढी किंमत ज्याला मोजायची नसते, त्यालाच दोन्ही रंग गळ्यात घालणं परवडतं. शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाला हेच खुपतं.

कोल्हापूरकराला हे समजावून सांगावं लागत नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ यांचा सामना असला की गॅलरीत कुणी कुठे बसायचं आणि कुणासाठी ओरडायचं, हे पेठेनं आधीच ठरवलेलं असतं. तिथे संघाचं नाव तालमीचं, आणि तालीम घराच्या कोपऱ्यावर. दोन्ही तालमींचा मिळून एक झेंडा शिवून कुणी गेटवर विकायला उभा राहिला, तर संध्याकाळपर्यंत त्याला एक गिऱ्हाईक मिळणार नाही.

दोन रंग कधीच एकत्र येऊ नयेत, असं मात्र माझं म्हणणं नाही. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर एफए कपच्या उपांत्य सामन्यात चेंगराचेंगरी झाली. तिच्यात गेलेल्या लिव्हरपूलच्या पाठीराख्यांची संख्या आज ९७ धरली जाते. त्यानंतर आठवड्याभराने त्या शहरातल्या माणसांनी आपापल्या गळ्यातले मफलर काढून एकमेकांना गाठी मारल्या आणि एव्हर्टनच्या गुडिसन पार्कपासून लिव्हरपूलच्या अॅनफिल्डपर्यंत, मधली स्टॅनली पार्कची बाग ओलांडून, लाल-निळ्या मफलरांची एक लांबच लांब माळ नेली. त्यातला प्रत्येक मफलर कुणीतरी वर्षानुवर्षं वापरलेला, पावसात भिजलेला, आईनं किंवा आजीनं विणलेलाही असेल. जर्मनीत शाल्के आणि न्यूर्नबर्ग या दोन क्लबांच्या पाठीराख्यांची कित्येक दशकांची दोस्ती आहे आणि त्या दोस्तीचे दोन रंगांचे मफलर तिथे अभिमानानं घातले जातात. दुःखानं आणि मैत्रीनं जोडलेले रंग मला कधी खुपले नाहीत. प्रीमियर लीगच्या फाटकाबाहेर विकला जाणारा मफलर या दोन्हीतलं काहीच सांगत नाही. तो फक्त सांगतो की अमुक तारखेला मी इथे होतो.

तसं सांगावंसं वाटण्यात गैर काही नाही. आठवण जपणं हा पाठीराख्यांचा जुनाच स्वभाव. इंग्लंडमध्ये घरोघरी कपाटात सामन्यांचे जुने कार्यक्रम-अंक रचून ठेवलेले असतात, तिकिटांचे फाटके तुकडे डब्यात असतात, म्हाताऱ्यांच्या टोपीवर क्लबच्या बिल्ल्यांची दाटी असते. आता तिकीट फोनमध्ये आलं आणि तुकडा गेला. छापील अंकाचीही तीच गत. प्रीमियर लीगच्या खालच्या तीन श्रेणींतल्या क्लबांनी २०१८ मध्ये मतदान करून तो काढण्याची सक्तीच रद्द केली. हजारो मैल उडून आलेल्या माणसानं घरी न्यायचं काय? त्याच्या हाती तारीख छापलेला मफलर उरतो. हा पेच क्लबांनी तयार केला आहे. साधं कागदी तिकीट आठवण म्हणून छापून द्यायला त्यांना असा कितीसा खर्च येईल?

बाहेरून आला म्हणून माणूस उपरा, हेही मला पटत नाही. नोव्हेंबर १९६९ पासून नॉर्वेच्या टीव्हीवर हिवाळ्यातल्या शनिवारी इंग्लिश लीगचा सामना थेट दिसू लागला. त्या देशात आता आजोबांपासून नातवापर्यंत लीड्सचे, लिव्हरपूलचे, मँचेस्टर युनायटेडचे पाठीराखे आहेत. आयर्लंडहून तर माणसं पिढ्यान्‌पिढ्या बोटीनं समुद्र ओलांडून सामन्याला येत आली आहेत. आणि आपल्याकडे? चॅम्पियन्स लीगचा सामना थंडीच्या दिवसांत रात्री दीडला सुरू होतो. डोंबिवलीत, पुण्यात, मडगावात पोरं आवाज बंद करून तो बघतात आणि सकाळची लोकल किंवा कॉलेज गाठतात. संघ सलग पाच सामने हरला तरी जो सहाव्यासाठी जागतो, तो अॅनफिल्डपासून सात हजार किलोमीटरांवर राहत असला तरी पर्यटक नव्हे. असा मुलगा पैसे साठवून एकदा तिथे पोहोचला, तर त्याला जागा मिळालीच पाहिजे. दोन्ही संघांचा मफलर तो घेणार नाही, याची मला खात्री आहे.

जुनी पाठीराखा संस्कृती सोवळ्यात ठेवण्यासारखी होती, असा दावा मी करत नाही. १९८५ मध्ये ब्रसेल्सच्या हायझेल मैदानावर लिव्हरपूलचे पाठीराखे चालून गेले, भिंत कोसळली आणि ३९ माणसं मेली. त्यात बहुसंख्य युव्हेंटसचे इटालियन पाठीराखे होते. त्या दशकात कृष्णवर्णीय खेळाडूंवर उभ्यांच्या स्टँडमधून केळी फेकली गेली, बायकांना तिथे उभं राहणं नकोसं व्हायचं. कोल्हापुरातही समर्थकांच्या हाणामाऱ्यांनी सामने बिघडले आहेत. हे सगळं बदलणं आवश्यकच होतं.

पण बदलाच्या नावाखाली इंग्लंडमध्ये भलतंच घडलं. हिल्सबरोनंतर न्यायमूर्ती टेलर यांनी १९९० मध्ये अंतिम अहवाल दिला आणि मोठ्या मैदानांवर सगळ्यांना बसायला खुर्ची हवी अशी शिफारस केली. खुर्च्या आल्या म्हणून तिकीट महाग व्हायची गरज नाही, हेही त्यांनी लिहिलं होतं. ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानाचं उदाहरण दिलं होतं, खुर्चीला सहा पौंड. क्लबांनी खुर्च्यांची शिफारस पाळली आणि सहा पौंडांची ओळ गिळून टाकली. ऐन भरात असताना लिव्हरपूलच्या ज्या कॉप स्टँडमध्ये २८ हजार माणसं खांद्याला खांदा लावून उभी राहायची, तिथे ३० एप्रिल १९९४ रोजी शेवटचं उभं राहून झालं. आता तिथे त्याच्या निम्म्याहून कमी माणसं बसतात. सुरक्षिततेसाठी ते योग्य होतं. भाव वाढवणं हा मात्र निव्वळ धंद्याचा निर्णय होता.

धंद्याचं गणित अगदी सोपं आहे. हंगामाचं तिकीट काढलेला माणूस लीगमधले घरचे १९ सामने बघतो. मफलर त्याच्याकडे बापाच्या वेळचा असतो. दुकानात तो फार तर नाताळात नातवासाठी जातो. तीच खुर्ची १९ वेळा १९ पाहुण्यांना विकली, तर १९ जर्सी खपतात, १९ मग खपतात, मैदानाची सफर १९ वेळा विकली जाते, आणि जेवणासकट तिकीट घेतलं तर विचारूच नका. क्लबाच्या हिशेबनीसाला दुसरी खुर्ची आवडते. तिथून आवाज येत नाही, ही त्याची अडचण नसते. मँचेस्टर युनायटेडच्या रॉय कीननं २००० सालीच ओल्ड ट्रॅफर्डवरच्या आपल्या प्रेक्षकांना जाहीर फटकारलं होतं, की काही जण पेयं आणि कोळंबीचं सँडविच यांत इतके रमलेले असतात की मैदानात काय चाललंय याचा त्यांना पत्ता नसतो. तेव्हा त्याचा रोख कंपन्यांच्या पैशानं येणाऱ्यांवर होता. आज त्या खुर्च्यांची संख्या वाढली आहे.

खुर्ची विकणारा फक्त क्लबच असतो असंही नाही. १४ एप्रिल २०२२ ला बार्सिलोनाच्या कॅम्प नोऊवर आइन्ट्राख्ट फ्रँकफर्टचा युरोपा लीगचा सामना होता. पाहुण्यांना अधिकृत तिकिटं होती पाच हजार. मैदानात पांढऱ्या कपड्यांत आलेले जर्मन होते तीस हजारांच्या घरात. बार्सिलोना घरच्या मैदानावर २-३ हरली. घोषणा देणाऱ्या तिच्या कट्टर गटांनी निषेध म्हणून उत्तरार्धाच्या सुरुवातीला आपल्या जागा रिकाम्या ठेवल्या. अध्यक्ष लापोर्ता यांनी लाज वाटल्याचं सांगितलं. वर्षभराचं तिकीट असलेल्या सभासदांच्या जागाही त्यात विकल्या गेल्या होत्या. फ्रँकफर्टच्या लोकांना मी दोष देणार नाही, त्यांनी आपल्या संघासाठी अर्धा युरोप पार केला होता. वारसा सांगायचा आणि मोठ्या सामन्याच्या दिवशी खुर्ची बाजारात काढायची, अशा माणसानं दुसऱ्याच्या मफलरकडे बोट दाखवू नये.

मग वारसा राखतात ते कोण? ६ फेब्रुवारी २०१६ ला अॅनफिल्डवर बसलेले लोक. नव्या मुख्य स्टँडमध्ये सर्वांत महाग तिकीट ७७ पौंडांचं होणार, असं मालकांनी जाहीर केलं होतं. संडरलंडविरुद्ध लिव्हरपूल २-० पुढे होती. ७७ व्या मिनिटाला सुमारे दहा हजार माणसं उठली आणि चालती झाली. सामना २-२ सुटला. आपला संघ जिंकत असताना पाठ फिरवून बाहेर पडणं किती अवघड असतं, हे जो कुणाचा तरी आहे त्यालाच कळेल. काही दिवसांत मालकांनी माफी मागितली आणि भाववाढ मागे घेतली. मँचेस्टरमध्ये २००५ साली ग्लेझर कुटुंबानं युनायटेड विकत घेतला तेव्हा काही पाठीराख्यांनी थेट स्वतःचा क्लब काढला, एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर, जिथे प्रत्येक सभासदाला एकच मत. जे मूळ क्लबात राहिले त्यांनी २०१० मध्ये लाल मफलर उतरवून न्यूटन हीथचे, म्हणजे क्लबाच्या जन्माच्या वेळचे, हिरवे-सोनेरी मफलर घातले. एसी मिलानकडून खेळायला आलेल्या, एकेकाळी युनायटेडच्याच असलेल्या बेकहमनं सामना संपल्यावर त्यातलाच एक उचलून गळ्यात टाकला आणि ते छायाचित्र जगभर गेलं.

महाराष्ट्रातून जाणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं. सामना बघायचा तर आधी एक बाजू घ्या. गाणी चालू असताना फोन खिशात ठेवा आणि ती गाणी निघण्यापूर्वी पाठ करा. मैदानाबाहेर पाठीराख्यांनी स्वतः काढलेली मासिकं मिळतात, ती विकत घ्या. युनायटेडच्या लोकांचं ‘युनायटेड वी स्टँड’ १९८९ पासून निघतंय, सामन्याची आठवण म्हणून त्याच्याइतकी चांगली वस्तू दुसरी नाही. लिव्हरपूलला गेलात तर मर्सी नदी ओलांडून ट्रॅनमियर रोव्हर्सच्या प्रेंटन पार्कलाही जा. तिथे तिकिटासाठी दलालाचे पाय धरावे लागत नाहीत आणि शेजारचा म्हातारा आपणहून बोलायला लागतो.

क्लबांना मात्र एक गोष्ट विचारायलाच हवी. पाठीराख्यांनी भांडून भांडून पाहुण्या संघाच्या तिकिटाला ३० पौंडांची मर्यादा मिळवली. २०१६-१७ च्या हंगामापासून ती प्रीमियर लीगभर लागू आहे, आणि तिच्यामुळे एकही क्लब बुडाला नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर ऐन हंगामात उरलेल्या तिकिटांचा भाव ६६ पौंड ठरला. मुलांना सवलत नव्हती, म्हाताऱ्यांना नव्हती. म्हणजे त्या हंगामात लंडनहून मँचेस्टरला आलेल्या विरोधी पाठीराख्याला ३० पौंड, आणि मैदानाच्या मागच्या गल्लीत राहणाऱ्या दहा वर्षांच्या पोराला ६६. तीच मर्यादा घरच्या स्टँडला लावायला काय हरकत आहे, याचं उत्तर एकाही मालकानं अजून दिलेलं नाही.