पिंग्या

माझ्या आतेभावाचं बारशातलं नाव आता फक्त रेशनकार्डावर उरलंय. घरीदारी सगळे त्याला पिंग्या म्हणतात आणि त्याची काही हरकत नसते. पिंग वाढला, तरच असते.

पिंग म्हणजे आपला निरोप सर्व्हरपर्यंत जाऊन उत्तर परत यायला लागलेला वेळ, मिलिसेकंदात. पिंग्या डोंबिवलीत बसून ‘काउंटर-स्ट्राइक’ खेळतो. निदान आत्याची तशी समजूत आहे. समोर डस्ट टू नावाच्या नकाशातल्या बोळात गोळ्या सुटत असतात आणि याचे डोळे पडद्याच्या कोपऱ्यातल्या आकड्यांवर. एफपीएस (म्हणजे सेकंदाला किती चित्रं) 300, पिंग 9, लॉस (म्हणजे वाटेत हरवलेले निरोप) 0. तीनशेचे दोनशे नव्वद झाले, की कपाळाला आठी. काही आजोबा नातवाच्या मुंजीतही बीपीचं मशीन घेऊन येतात ना, त्यातला प्रकार.

पूर्वी कन्सोल उघडून ‘नेट ग्राफ’ची कमांड दिली की आकडे हजर व्हायचे. 2023 मध्ये ‘काउंटर-स्ट्राइक 2’ आला आणि ती कमांड गेली. पिंग्याने सुतक पाळलं. मग तेच आकडे सेटिंगमध्ये टेलिमेट्री या नावाखाली सापडले, तेव्हा कुठे तो नीट जेवला.

मी एकदा विचारलं, “तुझा मॉनिटर 144 हर्ट्‌झचा. सेकंदाला 144 चित्रं दाखवणार. मग 300 एफपीएस कशाला?”

“दादा, तुला पोळी गरम आवडते की गार?”

“गरम.”

“मग! तव्यावर सारख्या पोळ्या पडत राहिल्या, तरच ताटात येते ती ताजी. उरलेल्या फेकायच्या.”

हे आत्याने ऐकलं नाही, म्हणून बरं.

पिंग्या नेम चुकून कधीच मरत नाही. पिंग वाढून मरतो. सर्व्हर सिंगापूरचा मिळाला, तर तो सरळ भौतिकशास्त्रात शिरतो. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर धावतो, सिंगापूर जवळजवळ 3,900 किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन 39 मिलिसेकंद कुठे गेले नाहीत! थोडक्यात, त्याच्या हरण्याला थेट प्रकाश जबाबदार असतो. भिंतीआड गेल्यावर मेला, तर दोष लॅग कॉम्पेन्सेशनचा. गोळी झाडणाऱ्याला त्या क्षणी काय दिसत होतं, हे सर्व्हर मागे जाऊन बघतो. शत्रूचं नेट संथ, म्हणून त्याला पिंग्या अजून भिंतीबाहेरच दिसत होता. एकूण, स्वतःचं नेट बिघडलं तरी हाच मरतो आणि दुसऱ्याचं बिघडलं तरी हाच.

एके दिवशी पिंग अचानक 9 वरून 210 वर गेला. पिंग्या ओरडला, “आई, मायक्रोवेव्ह बंद कर!”

“आमटी गरम करतेय रे.”

“तुझ्या आमटीपायी मी मेलो!”

“मेल्या, तिन्हीसांजेला असं बोलू नये.”

तक्रार मात्र खरी होती. मायक्रोवेव्ह आणि जुनं वायफाय एकाच 2.4 गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात चालतात. मग पिंग्याने राउटरपासून हॉलमधून लॅनची वायर ओढली. पहिल्याच रात्री काका तिच्यात अडकून पडले. “लागलं का?” असं आत्याने विचारलं. पिंग्याने विचारलं, “प्लग निघाला का?”

अखेर गेल्या रविवारी सगळे ग्रह जुळले. नवं फायबर, मुंबईचा सर्व्हर, आमटी गॅसवर, काका गावाला. पिंग 4. एफपीएस 300 वर खिळा ठोकल्यासारखा. लॉस शून्य. मी मुद्दाम बघायला बसलो. पिंग्याने 3 जण मारले आणि स्वतः 17 वेळा मेला. सामना 13-6 असा गेला. त्याने टॅब दाबून समोरच्या पाच जणांचे पिंग तपासले. सगळे पंधराच्या आत. पुन्हा आपले आकडे पाहिले. 4. 300. शून्य. स्वयंपाकघराकडे आशेने नजर टाकली. आत्या विळीवर भेंडी चिरत होती.

बराच वेळ तो काही बोलला नाही. मग सेटिंग उघडलं आणि कोपऱ्यातली ती ओळच बंद केली.

“का रे?” मी विचारलं.

“फार लक्ष जातं दादा तिकडे. त्यामुळेच हरतो.”