४०० आणि मधली खाडी

मनोरीचा पिनकोड ४०० पासून सुरू होतो. म्हणजे सरकारी हिशेबाने आम्ही पक्के मुंबईकर. पाहुण्यांना मात्र ते पटत नाही. गाडीने यायचं तर दहिसरचा नाका ओलांडून मुंबईबाहेर पडा, भाईंदरच्या ४०१ मधून उत्तनचा वळसा घ्या आणि पुन्हा मुंबईत शिरा. नाहीतर मालाडहून मार्वे गाठा आणि खाडी ओलांडायला बोटीत बसा. गंमत म्हणजे ठाणं नि वाशी मुंबईत नसूनही ४०० मिरवतात. मीरा रोडच्या वाट्याला ४०१. पिनकोडला जिल्ह्याच्या हद्दीशी देणंघेणं नाही, तो टपालाच्या वाटेने चालतो.

ही वाट आखली श्रीराम भिकाजी वेलणकरांनी. टपाल खात्यात वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतात कवी! देशात एकाच नावाची गावं ढिगाने, पत्ते नाना लिप्यांत आणि अक्षर ज्याचं त्याचं. वेलणकरांनी सहा आकड्यांचं वृत्त बांधलं आणि १५ ऑगस्ट १९७२ ला ते लागू झालं. पहिला आकडा विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा वर्गवारीच्या जिल्ह्याचा, शेवटचे तीन पोस्ट ऑफिसचे. वृत्त चुकलं तर कवितेचा नुसता रसभंग होतो. इथे पहिल्या ४ च्या जागी ७ पडला, तर पाकीट निघालं बंगालकडे. मुंबईकरांना घोकंपट्टीही फारशी पडली नाही. दादर २८, मालाड ६४ ही सवय जुनीच होती. त्या आकड्यांआधी ४००० येऊन बसले आणि ४०००२८, ४०००६४ झाले.

हे झालं टपालाचं. घरपोच सामान आणणारी ॲपं सरळ रेषेत विचार करतात. आमचा मिक्सर मार्वेच्या जेट्टीपर्यंत आला आणि फोन वाजला.

"काका, लोकेशन समोरच दाखवतंय. पण मध्ये पाणी आहे."

"तीच खाडी. बोटीत बस."

"आणि बाईक?"

"तीपण चढते बोटीत."

"बोटीचं भाडं ॲपमध्ये नाही, काका. तुम्हीच या ना इकडे!"

मी अलीकडच्या धक्क्यावरून हात हलवत होतो, तेवढ्यात मोबाइलवर निरोप झळकला: ग्राहक दिलेल्या पत्त्यावर आढळला नाही.

पोस्टमनचं तसं नाही. पाकिटावर अर्धवट नाव आणि 'क्रूसाजवळ' एवढंच असलं, तरी तो दारात उभा. आकडे पाकीट पोस्टापर्यंत आणतात. पुढे कोणाच्या घरी कोण राहतं नि दुपारी कोण झोपतं, हे त्याच्या डोक्यात असतं.

२०२५ मध्ये टपाल खात्याने डिजिपिन आणलाय. दहा अक्षर-आकड्यांत साधारण चार बाय चार मीटरचा चौकोन ओळखतो म्हणे, आणि त्यात पाण्याचेही चौकोन धरलेत. म्हणजे खाडीतल्या निवटी मासळीलाही स्वतःचा पत्ता मिळाला. तिने मिक्सर मागवला, तर तो माझ्याआधी पोचेल. डिलिव्हरीवाले तिथपर्यंत न चुकता येतात.