चष्मे अल्प दरात, वक्ता मोफत

फ्लेक्सवर आधार कार्ड दुरुस्तीच्या खाली आणि चष्म्यांच्या वर माझा फोटो होता. 'सुप्रसिद्ध व्याख्याते' लिहिताना छापणाऱ्याने जोडाक्षर चुकवलं होतं, पण विशेषण बरोबर होतं, म्हणून मी तक्रार केली नाही. शेजारी मोफत नेत्रतपासणी, आयुष्मान कार्ड नोंदणी, मुलांची चित्रकला स्पर्धा आणि थंडगार ताक. ताकाचा ग्लास माझ्यापेक्षा मोठा छापला होता.

फ्लेक्सचा भूगोल वाचकांना सांगायला नको. वर गोलांमध्ये दिल्ली, त्याखाली मुंबई, मधोमध हात जोडून उभे भाऊ, आणि तळाला टपाल तिकिटाएवढ्या कार्यकर्त्यांची रांग. मी त्या रांगेत नव्हतो, हे मुद्दाम नमूद करतो. मी तिच्या बोटभर वर होतो. सौभाग्यवतींनी एकदाच वर पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो, तुमच्या कानातून सुतळी गेलीय." गेली होती. खांबाला बांधायचं भोक नेमकं तिथंच पाडलं होतं. तरी मी दूध आणायला त्याच खांबावरून जाऊ लागलो. दूध विरुद्ध दिशेला मिळतं. मेट्रोतून दिसतो का, हे बघायला असल्फ्यापर्यंत तिकीट काढून जाऊनही आलो. 2014 साली मेट्रो सुरू झाली तेव्हा खालची गर्दी आता ओसरणार, असं आम्हाला वाटलं होतं. गर्दी ओसरली नाही, आणि वरून माझा फोटोही दिसत नाही. मध्ये एका गाळ्याचा पत्रा येतो.

काळच तसा होता. मुंबई महापालिकेची मुदत 7 मार्च 2022 ला संपली आणि पुढची निवडणूक व्हायला जानेवारी 2026 उजाडावा लागला. मधल्या काळात 227 जागांवर माजी होते, भावी होते, आजी मात्र कुणीच नव्हतं. पण आमच्या साकीनाक्याला इतकं काही मोफत त्याआधी मिळाल्याचं मला आठवत नाही. मे महिन्यात तर एकाच गल्लीत दोन भावी समोरासमोर ताक वाटायचे आणि पोरं दोन्हीकडचं पिऊन कुणाचं आंबट, यावर निकाल द्यायची.

त्यातल्या एका भावींचा, म्हणजे फ्लेक्सवरच्या भाऊंचा, कार्यकर्ता माझ्याकडे आला. "सर, तुम्ही ते वसंत व्याख्यानमालेचं म्हणत असता ना? घेऊन टाकू." मी म्हणत असतो, हे खरं आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तिथे लोक उन्हाळ्यात ज्ञान ऐकायला जातात, मग आमच्या खैरानी रोडने काय पाप केलंय, असा माझा जुना सवाल आहे. त्या मालेतला पहिला वक्ता मी असावा, हा त्या सवालाचा न बोललेला भाग. "विषय काय ठेवू?" मी विचारलं. "उन्हाळा आहे सर, काहीतरी थंड घ्या."

मी पाणपोई घेतली. ते व्याख्यान इथे पुन्हा देतोय. संपादकांची कात्री पोहोचायच्या आत जमेल तेवढं ऐकून घ्या.

मुंबईला नळाचं पाणी मिळालं ते विहार तलावामुळे, 1860 साली. तलाव आपल्या उत्तरेला, आणि तहानलेलं शहर पार दक्षिणेला. म्हणजे पाणी आमच्या बाजूने निघून तिकडे गेलं. विहार भरून वाहिला की ते वरचं पाणी तेवढं मिठी नदीत येतं, आणि मिठीची आज काय दशा आहे ते सफेद पुलावर उभं राहून बघावं. ज्याला शक्य आहे त्याने नाक धरून बघावं. तर तिकडे शहरात पाणी आलं आणि शेटजींना पुण्य आठवलं. कावसजी जहांगीर रेडीमनींनी पिण्याच्या पाण्याची चाळीस कारंजी दिली. केशवजी नायकांच्या नावाचं कारंजं मशीद बंदरच्या भात बाजारात 1876 सालापासून उभं आहे. जुन्या पाणपोया बघा: माणसांसाठी वरचा नळ, बैल-घोड्यांसाठी खाली कुंडी, आणि कुठे कुठे पाखरांसाठी वेगळी वाटी. मुंगळ्यांचीही सोय केली असेल, मला दिसली नाही. आणि या सगळ्यावर देणाऱ्याचं नाव, दगडात कोरलेलं. कित्येक ठिकाणी पुढे नळ आटले, नाव राहिलं. आमच्याकडे उलट आहे. ताक घशाखाली जातं आणि नाव पावसाळ्यापर्यंत टिकतं. मग फ्लेक्स उतरवून कुणीतरी झोपडीवर टाकतं. त्याच्याइतका चांगला कपडा गळक्या पत्र्याला मिळत नाही. माझ्या फोटोखाली एखादं घर कोरडं राहिलं असेल, ही माझ्या वाङ्मयसेवेतली सर्वांत ठोस गोष्ट.

पाखरांच्या वाटीपाशी मी आवाज जरा कापरा केला आणि मान वर करून पाहिलं. पहिल्या तिन्ही रांगा भरलेल्या. माना मागे टाकलेल्या, डोळे मिटलेले, काहींच्या गालावरून ओघळ. हलायला कुणी तयार नाही. पुण्याला म्हणे श्रोते चिठ्ठ्या पाठवतात. इथे माणसं रडत होती. मी रेडीमनींकडे परत गेलो आणि चाळिसांपैकी आणखी काही कारंजी घेणार, एवढ्यात आरोग्यसेविका ताई कानाशी आल्या. "सर, थेंब घातलेत डोळ्यांत. अर्धा तास उठायचं नाही असं सांगितलंय त्यांना."

मी विचारलं, "दुसऱ्यांदा घालतात का?"

घालतात. मला आणखी थोडा वेळ मिळाला.

नंतर ताकाच्या टेबलाजवळ एक मावशी भेटल्या. धागा कापायचं काम करतात. गारमेंटवाले शिवलेल्या कपड्यांचे गठ्ठे घरी आणून टाकतात, या बायका लोंबणारे धागे कातरतात, पैसे नगावर. मावशींना आता पांढऱ्या कापडावरचा पांढरा धागा दिसत नव्हता. त्यांच्या कागदावर 'मोतीबिंदू, दोन्ही' असं लिहिलं होतं. मला म्हणाल्या, "भाऊ, तुमचा आवाज चांगला आहे. डोळा लागला." मी हे शाबासकीच्या खात्यात जमा केलं. मग म्हणाल्या, "तपासणी फुकट आहे, पण आजचा गठ्ठा गेला. ऑपरेशनला चार-आठ दिवस जातील. तेवढ्यात शेठ दुसरीला काम देतो."

यावर माझ्याकडे विनोद नाही. शिबिर बुधवारी सकाळी अकराला होतं, कारण बुधवारी सकाळी अकराला भाऊ मोकळे होते. थेंब घातलेल्या म्हाताऱ्यांना हाताला धरून कुणाला चढावर, कुणाला नाल्यापलीकडे घरी पोहोचवलं ते त्या आरोग्यसेविका ताईंनी. त्या पोलिओच्या डोससाठी भर उन्हात याच चढावर घरोघरी जातात, कुठल्या खोलीत कोण गरोदर आहे आणि कोणाच्या गोळ्या संपल्यात हे त्यांना पाठ असतं. फ्लेक्सवर ताकाचा फोटो होता, माझा होता, कान फाटलेला का होईना. त्यांचा फोटो फ्लेक्सवर नव्हता. महापालिकेचा पैसा आपल्या सगळ्यांचा, त्यातून होणारं काम त्यांचं, आणि हात जोडलेले भाऊंचे. त्या दिवशी पहिल्यांदा मला ताक आंबट लागलं.

वेळेचं म्हणाल तर, महापालिकेने 2022 साली 'आपला दवाखाना' योजना सुरू केली तेव्हा वेळ ठरवली ती सकाळी सात ते दोन आणि दुपारी तीन ते रात्री दहा. तपासणी, औषधं, 147 रक्तचाचण्या, सगळं मोफत. यातलं मला सर्वांत आवडलेलं कलम म्हणजे रात्रीचे दहा. ते लिहिणाऱ्याने कधीतरी गाळा सुटताना पाहिला असणार.

तेव्हा यंदा ज्या कुणाला साकीनाक्यात शिबिर लावायचं असेल, मग तो आजी असो, माजी असो की भावी, त्यांना हात जोडून एक विनंती. रविवार घ्या, नाहीतर संध्याकाळी सातनंतरची वेळ घ्या. धागा कापणाऱ्या बायका तेव्हा मोकळ्या होतात. थेंब घातलेल्यांना घरी सोडायला चार पोरं नेमा, कारण अंधेरी-कुर्ला रोड चांगल्या डोळ्यांनीही ओलांडता येत नाही. आणि वेळ अपुरी पडत असेल तर व्याख्यान नाही ठेवलं तरी चालेल.