रसिकाचे वतन खालसा

कोल्हापूरच्या देवल क्लबात किंवा पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात भारतीय बैठकीवर मांडी ठोकून बसणारा जो श्रोता स्वतःस रसिक म्हणवून घेतो, तो वस्तुतः वतनदार असतो, ही गोष्ट महसूल खात्याची जुनी दप्तरे चाळण्यात ज्याची सारी हयात गेली अशा माझ्यासारख्या माणसाच्या ध्यानात फार पूर्वीच यावयास हवी होती. परंतु वतन शाबूत असेतोपर्यंत वतनदारास त्याची जाणीव नसते, ती ते खालसा झाल्यावर होते, आणि माझे वतन खालसा झाले ते पोलंड देशाच्या राजधानीत, वॉर्सा मुक्कामी, समकालीन संगीताच्या उत्सवात.

या वतनाचे हक्क कोठे लेखी नसतात, पण वहिवाटीने ते पक्के झालेले असतात. गवई समेवर येण्यापूर्वी अर्धी मात्रा अगोदर मान टाकून सम आपल्यालाच आधी सापडली असे भासविण्याचा हक्क, एखादी जागा साधल्यास हात उंच करून दाद देण्याचा व न साधल्यास शेजाऱ्याकडे पाहून डोळे मिटून घेण्याचा हक्क, रात्र चढल्यावर मागील रांगेतून फर्माईश करण्याचा हक्क, आणि या सर्वांहून मौल्यवान असा, हयात गवयाची तुलना दिवंगत गवयाशी करून निकाल बिनदिक्कत दिवंगताच्या बाजूने देण्याचा हक्क. अल्लादियाखाँसाहेब १९४६ साली निवर्तले, म्हणजे माझ्या जन्मापूर्वीच. तथापि त्यांच्या गाण्याची सर आजच्या एकाही गवयाला नाही असे मी आजवर चारचौघांत ठणकावून सांगत आलो आणि त्याबाबत पुरावा दाखल करा असे एकाही सद्‌गृहस्थाने मला फर्मावले नाही. वतन म्हणतात ते याला.

माझा भाचा वॉर्सात संगणकाच्या एका कंपनीत नोकरीस आहे. मामांना गाण्याचा नाद आहे, एवढ्या त्रोटक माहितीवर विसंबून त्याने माझ्या मुक्कामाच्या काळात ‘वार्शाव्स्का येशेन्’, म्हणजे वॉर्साचा शरद, या उत्सवाची तिकिटे काढून ठेविली होती. हा उत्सव दर सप्टेंबरात भरतो. तादेउश बाइर्ड आणि काझिमियेश सेरोत्स्की या दोन तरुण संगीतकारांच्या पुढाकाराने तेथील संगीतकार-संघाने १९५६ साली तो प्रथम भरविला, १९५८ पासून तो दरसाल भरू लागला, आणि लष्करी कायद्याच्या अंमलामुळे १९८२ साली पडलेला खंड सोडला तर आजतागायत अव्याहत चालू आहे. आमच्याकडे महोत्सव म्हणजे एक मैदान, एक मांडव आणि मांडवाच्या मागे वड्याचा घाणा, अशी आटोपशीर व्यवस्था असते. त्यामुळे कंटाळलेल्या श्रोत्यास उठून जावेसे वाटले तरी तो फार दूर जात नाही आणि बागेश्री सुरू झाली की हात पुशीत परत येतो. वॉर्साचा उत्सव मात्र शहरभर विखुरलेला. सायंकाळी यास्ना रस्त्यावरील फिलहार्मोनीच्या भव्य दालनात वाद्यवृंद, दुसरे दिवशी मोकोतूफ भागातील रेडिओच्या ध्वनिमुद्रणगृहात गायनवृंद, मध्येच संगीत विद्यापीठाच्या सभागृहात चौघा-पाचांचे वादन, आणि एखाद्या रात्री व्हिस्तुला नदी ओलांडून पार वावेर भागातील चित्रीकरणगृहात विद्युत्-ध्वनींचा काही प्रयोग. पूर्वी प्रागा भागातील वोडका गाळण्याच्या जुन्या कारखान्यात आणि शारीरिक शिक्षण विद्यापीठाच्या बास्केटबॉलच्या दालनातही या उत्सवाने मैफली भरविल्या आहेत. पैकी पहिल्या ठिकाणाची निवड मला संगीतदृष्ट्या विशेष समंजस वाटते.

वतनाच्या जप्तीस प्रारंभ झाला तो दाराशीच. पोलंडमधील सभागृहांत शात्न्या नामक एक खाते असते. तेथे प्रत्येक श्रोत्याने अंगावरील कोट उतरवून एका करारी मुद्रेच्या बाईंच्या स्वाधीन करावयाचा आणि त्या मुद्देमालाबद्दल क्रमांकाचा बिल्ला घ्यावयाचा, असा दस्तूर आहे. माझ्या खांद्यावर शाल होती. शाल हे आमच्याकडे रसिकत्वाचे प्रमाणपत्र आहे. ती पांघरलेला मनुष्य झोपी गेला तरी तल्लीन झाला असे समजतात. बाईंनी शालीकडे पाहिले, मी बाईंकडे पाहिले, आणि दोघांच्या भाषा परस्परांस अगम्य असूनही हुकूम कोणाचा आणि तामिली कोणाची याविषयी किंचितही संदिग्धता उरली नाही.

आत गेल्यावर भाच्याने हळू आवाजात नियम समजावून दिले.

“मामा, इथं मध्येच ‘वाहवा’ वगैरे म्हणायचं नाही हं.”

“मग केव्हा म्हणायचं?”

“केव्हाच नाही. शेवटी नुसत्या टाळ्या.”

“शेवट झाला हे कसं ओळखायचं?”

“बाकीचे वाजवतील तेव्हा.”

“आणि बाकीच्यांना कसं कळतं?”

यावर तो क्षणभर विचारात पडला. “ते पुस्तक वाचून येतात,” असे त्याने सांगितले आणि एक जाडजूड ग्रंथ माझ्या मांडीवर ठेविला. उत्सवातील यच्चयावत् रचनांची व रचनाकारांची माहिती त्यात पोलिश व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत दिलेली होती. मी आयुष्यभर जमीन महसुलाचे कायदे, त्यांखालील नियम आणि त्या नियमांवरील परिपत्रके वाचलेली असल्याने दुर्बोध गद्याचे मला भय उरलेले नाही. किंतु ज्या रचनेत एक सेलोवादक तारांस जेमतेम स्पर्श करून केवळ श्वासासारखा आवाज काढीत होता, तिचे टिपण दोन वेळा वाचल्यावर मला असे आढळून आले की टिपणापेक्षा रचना सुबोध आहे. निदान ती बारा मिनिटांत संपत होती.

त्या पहिल्या सायंकाळी मी जे ऐकले त्याचा पंचनामा करणे कठीण आहे. वादक रंगमंचावर बसलेले नसून श्रोत्यांच्या भोवती चहूंकडे पेरलेले होते, आणि माझ्या उजव्या हातास जो तालवाद्याचा मानकरी उभा होता त्याच्यापुढे पितळी थाळ्या, लाकडी ठोकळे आणि एक कागदाचा ताव अशी सामग्री होती. हा तरुण दीर्घकाळ निश्चल उभा राही, समोरील लिखित स्वरलिपीवरून दृष्टी ढळू देत नसे, आणि नेमका क्षण येताच कागदाची एक पट्टी टर्रकन फाडी. सम आली असावी असे वाटून माझी मान सवयीने खाली येऊ पाही. पण ती सम नव्हती, आणि सम नाही म्हणून ते चुकलेलेही नव्हते. त्याने पट्टी इतक्या निष्ठेने फाडली की एरवी तिला मी निश्चित दाद दिली असती. दाद घशाशी घेऊन मी तसाच बसून राहिलो.

फर्माईशीविषयी मात्र या नगरीने एक युक्ती योजिली आहे, ती नमूद करणे न्यायाचे होईल. शोपाँच्या द्विशताब्दीच्या निमित्ताने वॉर्सात काळ्या दगडाचे १५ बाक बसविण्यात आले आहेत. बाकावर बसून कळ दाबली की शोपाँच्या पियानोचा तुकडा ऐकू येतो. ज्या मनुष्याचे हृदय याच शहरातील होली क्रॉस चर्चच्या खांबात जतन केले आहे, तो अद्यापि येणाऱ्याजाणाऱ्याची फर्माईश पुरी करितो; उत्सवातील हयात रचनाकार मात्र करीत नाहीत. मी सभागृहात जाताना व तेथून परतताना कळ दाबीत असे. वतन गेले तरी त्याबद्दलचा सालिना मोबदला मिळावा, तसे काहीसे ते होते.

यापुढील भाग थोडा गंभीर आहे, कारण तो विनोदाने लिहिण्यासारखा नसून आपोआपच विनोदी आहे. १९४९ च्या ऑगस्टात वागूव या गावी पोलंडमधील संगीतकारांस एकत्र बोलाविण्यात आले आणि संगीत सर्व जनतेस समजेल असेच असले पाहिजे, याची त्यांना सरकारी समज देण्यात आली. जे समजणार नाही ते ‘रूपवादी’, आणि रूपवाद हा गुन्हा. वितोल्द लुतोस्वाव्स्की याची पहिली सिंफनी या कलमाखाली सापडून बंद पडली. महायुद्धात जर्मनांनी मैफलींवर बंदी घातली असता हाच गृहस्थ आंद्झेय पानुफ्निक या मित्राच्या जोडीने कॉफीगृहांतून पियानो वाजवून पोट भरीत होता. म्हणजे प्रथम परकीयांनी आणि नंतर स्वकीयांनी, असे दोनदा त्याचे तोंड बंद करण्यात आले. असला रचनाकार ट्रामखाली फेकावयास हवा, असे एक उपमंत्री त्या सिंफनीनंतर दहाबारा माणसांदेखत बोलले, ही आठवण तो पुढे सांगत असे.

१९५६ च्या ऑक्टोबरात हा उत्सव प्रथम भरला तेव्हा, त्याच दिवसांत, कम्युनिस्ट पक्षाचे पुढारी गोमूव्का अधिकारावर येऊन राज्यकारभाराची सूत्रे बदलत होती. उत्सवाचा खरा अर्थ मला यावरून उमगला. माझ्यासारख्या वतनदारास जेथे समजण्याचा हक्क गमवावा लागतो, तेथे पूर्वी रचनाकाराने न समजले जाण्याचा हक्क गमावला होता, आणि तो त्यास या उत्सवाने परत मिळवून दिला. दोहोंपैकी कोणाचे नुकसान अधिक याचा निवाडा करावयाचा झाल्यास, प्रत्येक गोष्ट आपणास कळलीच पाहिजे असा ज्यांचा हुकूम असतो त्यांच्या कचेरीत मी स्वतः नोकरी केली असल्याने, माझे मत रचनाकाराच्या बाजूने आहे.

रेडिओच्या ज्या मैफलगृहाला आज लुतोस्वाव्स्कीचे नाव आहे, तेथे मी ट्रामने गेलो. उपमंत्रिमहोदयांची तजवीज ट्रामने पुढे सरकविण्याऐवजी श्रोते नेऊन पोहोचविण्याचे काम पत्करले आहे, हे पाहून मला त्या वाहनाविषयी आदर वाटला.

तेथून परतल्यावर भाच्याने घरी पेंडेरेत्स्की या पोलिश रचनाकाराची ती प्रसिद्ध रचना ऐकविली, जी १९६१ च्या उत्सवात वाजली होती आणि जिचे मूळचे नाव केवळ तिचा कालावधी, आठ मिनिटे सदतीस सेकंद, असे होते; हिरोशिमाच्या बळींना अर्पण हे नाव मागाहून आले. बावन्न तंतुवाद्ये, कोणी घोडीच्या पलीकडे गज फिरवितो, कोणी वाद्याच्या लाकडावर थाप मारितो, कोणी निघेल तितका उंच स्वर काढितो, आणि मग सर्व मिळून लगतचे पाव-पाव स्वर एकाच वेळी धरून ठेवितात. आमच्याकडे श्रुती बावीस की अधिक, आणि अमुक रागातील गंधार नेमका कोठे उभा राहतो, यावर घराण्याघराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या दावे चालले आहेत. येथे मोजणीदाराने शिवारातील सारे बांधच काढून टाकावेत तसे केलेले, मग हद्दीचा तंटा उरणार कोठून? आणि तरीही, किंवा म्हणूनच, ती आठ मिनिटे संपल्यावर आम्हा दोघांपैकी कोणी चहाचे नाव काढले नाही. दिवंगताशी तुलना करण्याचा माझा हक्क येथे चालण्यासारखा होता, कारण पेंडेरेत्स्की २०२० साली निवर्तले. पण कोणाशी तुलना करावी ते सुचेना.

उत्सवाच्या उत्तरार्धात मला एका सुखाचा शोध लागला, ज्याची नोंद कोणत्याही टिपणात नव्हती. कोल्हापुरात बैठकीला बसलो म्हणजे माझ्या मनात एक गुप्त भय असते: शेजारचा वृद्ध गृहस्थ आता वाकून, ‘नायकी की सुहा?’ असे विचारील, आणि मला विडा तोंडात असल्याचा बहाणा करावा लागेल. वतनाबरोबर वतनाची चाकरीही येते. जो जाणकार म्हणून मिरवितो त्याला क्षणोक्षणी जाणकारी हजर करावी लागते, आणि या हजेरीपायी गाणे ऐकावयास फुरसत मिळत नाही. वॉर्सात मला कोणी काही विचारीना. पुढच्या रांगेतील प्राध्यापक, मागच्या रांगेतील निळ्या केसांची मुलगी, आणि कृषिगणनेच्या वेळीही ज्याने कधी इतकी शांतता पाहिली नव्हती असा मी, सर्वजण नव्या रचनेपुढे सारख्याच अज्ञानाने बसलेले. मध्ये वतनदार नाही, थेट रयतवारी. एका रात्री एकट्या बासरीवाल्या बाईंनी इतका मंद सूर लाविला की तो थांबला केव्हा हे त्यांनाच ठाऊक. कोणताही राग नसलेला तो सूर मी कोणत्याही रागाहून अधिक लक्ष देऊन ऐकला, हे नमूद करताना मला संकोच वाटत नाही. हे वृत्त देवल क्लबात पोहोचू नये, इतकीच खबरदारी वाचकांनी घ्यावी.

एके दिवशी सकाळी मोकळा होतो, तेव्हा कोल्हापूरच्या स्मृतीप्रीत्यर्थ या शहरात उभारलेले स्मारक पाहून आलो. १९४३ ते १९४८ या काळात करवीर तालुक्यातील वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, त्याची ती कृतज्ञ आठवण आहे. ज्या तालुक्याच्या कचेरीत आपण कागद काळे केले त्याचे ऋण दूरदेशीच्या राजधानीत दगडावर कोरलेले पाहून छाती जरा फुगली, आणि त्या सायंकाळी शात्न्यातील बाईंना मी शाल मागण्यापूर्वीच काढून दिली.

आता आमच्याकडील संगीतमहोत्सवांच्या चालकांस नम्र अर्ज असा की, सालाबादच्या कार्यक्रमातील एक, निदान अर्धे, सत्र असे ठेवावे की ज्यात काय गाइले जाईल हे एकाही रसिकास अगोदर माहीत नसेल, फर्माईश स्वीकारली जाणार नाही, आणि दिवंगतांशी तुलना करण्यास मांडवाच्या आवारात सक्त मनाई राहील. असे झाल्यास पहिल्या वर्षी गर्दी कमी होईल व दुसऱ्या वर्षी वर्तमानपत्रांत पत्रे येतील; दोन्ही सोसावीत. वड्याच्या घाण्याची व्यवस्था मात्र पूर्ववत् चालू ठेवावी, कारण वॉर्साच्या मध्यंतरात नुसती कॉफी मिळते.